रोग्याचें ताट आणि आहारतज्ज्ञाचें शिक्षण

वैद्य रोग्याच्या उशाशीं येतो, नाडी पाहतो, औषधाची योजना सांगतो आणि उठतां उठतां पथ्याचे दोन शब्द बोलून जातो. औषधाची पुडी त्याच्या हातची असते. पण पथ्य पाळलें जाणें दुसऱ्याच कोणाच्या हातीं असतें. महाराष्ट्रांतील घरांतून हें काम पिढ्यान् पिढ्या आजीनें आणि आईनें केलें. तापांतून उठलेल्या माणसाला आधीं भाताची पेज, मग मुगाचें कढण, मग मऊ भात, आणि तोंडाला चव आल्यावर भाकरीचा पापुद्रा, हा क्रम कोणत्याहि पाठशाळेंत लावून दिलेला नव्हता. तो चुलीपाशीं बसून शिकला जाई. त्या शिकण्यांत चुका नव्हत्या असें नाहीं. हगवण लागलेल्या मुलाचें पाणी तोडावें ही समजूत अनेक घरांत होती, आणि तिनें किती मुलांचे प्राण घेतले याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं. तरी पण रोगी काय जेवला, त्यानें ताटांत काय टाकलें, आणि जें टाकलें तें कां टाकलें, हें पाहणारें एक माणूस घरांत असे.

आजार घरांतून रुग्णालयांत गेला तेव्हां हें माणूस मागें राहिलें. रुग्णालयांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, आचारी होता, कोठाराचा हिशेब ठेवणारा कारकून होता. डॉक्टर कागदावर 'हलका आहार' असे दोन शब्द लिहीत. त्या शब्दांचा अर्थ आचारी आपल्या मतीप्रमाणें लावी, कारकून कोठारांतील शिलकेप्रमाणें लावी, आणि शेवटीं रोग्यापुढें जें येई त्याची जबाबदारी कोणाचीच नसे. कागद आणि ताट यांच्यामधील या जागेवर कोणाला बसवावें, त्यानें काय शिकलेलें असावें, आणि तो पुरेसें शिकला आहे हें कोणीं ठरवावें, या प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्यांत शंभराहून अधिक वर्षें गेलीं. ज्याला आपण आहारतज्ज्ञ किंवा डायटिशियन म्हणतों त्याच्या शिक्षणाचा इतिहास तो हाच.

या इतिहासाचा आरंभ बहुधा तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील बराकींच्या रुग्णालयापासून करतात, आणि तो योग्यच आहे. क्रिमियाच्या युद्धांतील जखमी व आजारी इंग्रज शिपाई तेथें आणले जात. नोव्हेंबर १८५४ मध्यें फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांसह तेथें पोंचली. त्या वेळीं मुदपाकखान्याची रीत अशी होती कीं, निरनिराळ्या टोळ्यांच्या वांट्याचें मांस बांधून, ओळखीसाठीं त्याला एखादी चिंधी किंवा गंजलेला खिळा लावून, तें एकाच मोठ्या हंड्यांत सोडावयाचें. जें आधीं पडलें त्याचा चोथा होई, जें मागाहून पडलें तें कच्चें राही. वांटणी वजनावर होई. त्यामुळें एकाच्या वांट्याला मांस आणि शेजारच्याच्या वांट्याला नुसतें हाड, असें सर्रास घडे. दप्तरांत मात्र दोघांनाहि सारखाच आहार पोंचल्याची नोंद होई! सरकारी कोठारानें शिपायाला उपाशी ठेवलें असें कागद पाहून कोणालाहि म्हणतां आलें नसतें.

नाइटिंगेलबाईंनीं अशक्त रोग्यांसाठीं निराळीं लहान स्वयंपाकघरें उघडलीं. १८५५ सालीं त्यांच्या मदतीला अलेक्सी सॉयर हा फ्रेंच आचारी स्वतःच्या खर्चानें आला. लंडनच्या रिफॉर्म क्लबांत त्यानें सरदार-दरकदारांना जेवूं घातलें होतें, आणि १८४७ च्या आयर्लंडांतील दुष्काळांत डब्लिन येथें गरिबांसाठीं सुपाचें अन्नछत्रहि चालविलें होतें. त्यानें शिपायांतून आचारी तयार केले, तेच पदार्थ आणि तोच शिधा घेऊन खाण्याजोगें अन्न करून दाखविलें, आणि थोड्या सरपणावर चालणारी एक शेगडी बनविली. ती इंग्रज सैन्यांत विसाव्या शतकांतहि वापरली जात होती. पुढें १८५९ मध्यें नाइटिंगेलबाईंचें परिचर्येवरील लहानसें पुस्तक निघालें. त्यांत दोन प्रकरणें केवळ जेवणावर आहेत. भरल्या कोठारांत रोगी उपाशी मरतो, कारण त्याला कोणत्या वेळीं, किती आणि कशा रीतीनें खातां येईल हें कोणी पाहत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. या बाईंजवळ निरीक्षण होतें आणि सॉयरजवळ विस्तवाचें ज्ञान होतें. अन्नांत काय असतें हें सांगणारें रसायनशास्त्र मात्र दोघांपाशींहि नव्हतें.

तें रसायन जर्मनींत वाढत होतें. म्युनिकच्या कार्ल फॉइट यांच्याकडे शिकून गेलेला विल्बर ॲटवॉटर हा अमेरिकन प्राध्यापक आपल्या देशांत परतला आणि मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठांत त्यानें एक विलक्षण खोली बांधली. तींत एका माणसाला कांहीं दिवस ठेवावयाचें, त्यानें खाल्लेला प्रत्येक घांस मोजावयाचा, त्याचा श्वास मोजावयाचा, आणि त्याच्या अंगांतून बाहेर पडणारी उष्णता देखील मोजावयाची. 'कॅलरी' हा शब्द सामान्य माणसाच्या तोंडीं आला तो बव्हंशीं ॲटवॉटरच्या लेखनामुळें. १८९६ मध्यें अमेरिकेच्या शेती खात्यानें त्याचे अन्नघटकांचे कोष्टक छापले, आणि आहार हा विषय प्रथमच आंकड्यांत मांडतां येऊं लागला. ॲटवॉटरच्या हिशेबांत मोठी उणीव होती. जीवनसत्त्वांचा शोध अजून लागावयाचा होता, म्हणून पालेभाज्या आणि फळें त्याला महाग व कमी कसाचीं वाटलीं. थोड्या पैशांत पुष्कळ कॅलरी देणारें धान्य, चरबी आणि साखर हींच गरिबांनीं घ्यावीं असा त्याचा कल होता. केवळ आंकड्यांवर विश्वासणाऱ्या शास्त्राची ही फजिती आहारशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरी एक फजिती बोस्टन शहरांत झाली. एलेन स्वॉलो रिचर्ड्स या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्रीय विद्यालयांत, म्हणजे प्रसिद्ध एम्. आय्. टी. संस्थेंत, प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री. त्यांना १८७० मध्यें आंत घेतलें, पण फी घेतली नाहीं. गरिबी पाहून सूट दिली असें त्यांना वाटलें; खरें कारण असें कीं, कोणी हरकत घेतल्यास ही बाई आमची विद्यार्थिनीच नव्हे असें चालकांना म्हणतां यावें. १८७३ मध्यें त्यांनीं रसायनाची पदवी घेतली. १८९० मध्यें त्यांनीं बोस्टनमध्यें 'न्यू इंग्लंड किचन' उघडलें. तेथें शास्त्रानें ठरविलेलें, स्वच्छ, मोजून शिजविलेलें, स्वस्त अन्न मजुरांना विकत मिळे. परंतु इटली, आयर्लंड आणि पूर्व युरोपांतून आलेले मजूर त्या दुकानाकडे फारसे वळले नाहींत. त्यांना आपल्या गांवची चव हवी होती, आणि अमेरिकन पद्धतीचा तो बेचव रस्सा पोटाला कितीहि हितकर असला तरी त्यांच्या जिभेला परका होता. रिचर्ड्सबाई चतुर होत्या. यांतून त्यांनीं जो बोध घ्यावयाचा तो घेतला आणि शाळा व रुग्णालयें यांच्या जेवणाकडे लक्ष वळविलें.

त्यांच्याच पुढाकारानें १८९९ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांतील लेक प्लॅसिड या डोंगराळ गांवीं गृहशास्त्राची परिषद भरली. या परिषदेंत 'डायटिशियन' या शब्दाला निश्चित अर्थ देण्यांत आला: अन्नाचें ज्ञान असलेली आणि वैद्यकाला आहारोपचाराची जोड देणारी व्यक्ति. नांव मिळालें, शिक्षण मात्र अद्याप ठरलें नव्हतें. त्या काळीं रुग्णालयांत नेमल्या जाणाऱ्या डायटिशियन बहुतेक पाकशाळांतून शिकून येत. बोस्टनची पाकशाळा १८७९ मध्यें सुरू झालेली होती. तेथील फॅनी फार्मर यांनीं रोग्यांच्या स्वयंपाकावर १९०४ मध्यें मोठें पुस्तक लिहिलें आणि हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढें त्या विषयावर व्याख्यानेंहि दिलीं. एखाद्या रुग्णालयांत अशा बाईला वॉर्डांत जाण्याची मुभा असे, तर दुसऱ्या ठिकाणीं तिनें परिचारिकांना पेज करावयास शिकवावें आणि परत जावें, एवढाच तिचा अधिकार. तिला कोणीं आचारीण समजे, कोणीं कोठारवाली. डॉक्टरांशीं ती बरोबरीनें बोलूं शकेल असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

ही स्थिति पालटली ती युद्धानें. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथें डॉ. जॉन हार्वी केलॉग यांचें आरोग्यधाम होतें. मक्याच्या पोह्यांमुळें, म्हणजे कॉर्नफ्लेक्समुळें, हें कुटुंबनांव सर्वांना ठाऊक आहे. त्या आरोग्यधामांत मांस वर्ज्य होतें आणि आहार हाच मुख्य उपचार होता. तेथें लेना कूपर या बाई आहारशास्त्राची शाळा चालवीत. एप्रिल १९१७ मध्यें अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली; धान्य वांचविणें, सैन्याला व रुग्णालयांना पुरविणें हा राष्ट्राचा प्रश्न झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कूपरबाई आणि लुलू ग्रेव्ह्ज यांनीं ओहायो संस्थानांतील क्लीव्हलँड शहरीं देशांतील डायटिशियनांना एकत्र बोलाविलें आणि 'अमेरिकन डायटेटिक असोसिएशन' स्थापन केली. ग्रेव्ह्जबाई पहिल्या अध्यक्ष झाल्या. दुसऱ्या वर्षीं कूपरबाई सैन्याच्या आहारखात्यावर देखरेखीसाठीं नेमल्या गेल्या. युद्ध संपलें तेव्हां या स्त्रियांना आपली संख्या आणि आपली गरज या दोहोंची जाणीव झाली होती.

पण खरी मागणी आली ती प्रयोगशाळेंतून. १९२१ मध्यें टोरोंटो येथें बँटिंग आणि बेस्ट यांनीं इन्शुलिन वेगळें काढलें, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं तेथील रुग्णालयांत चौदा वर्षांच्या एका मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वी मधुमेहाच्या मुलांना जवळ जवळ उपाशी ठेवून महिने-दोन महिने आयुष्य वाढविणें एवढेंच डॉक्टरांच्या हातीं होतें. इन्शुलिन आलें आणि मरणाऱ्या मुलांनीं डोळे उघडले. परंतु त्याबरोबर एक नवीन भय आलें. टोंचलेल्या औषधाच्या मानानें अन्न कमी पडलें तर रक्तांतील साखर एकदम उतरते, घाम फुटतो, शुद्ध जाते, आणि वेळेवर उपाय न झाल्यास मृत्यु येतो. अन्न जास्त झालें तर पूर्वीचाच रोग पुन्हां डोकें वर काढतो. आतां 'हलका आहार' या दोन शब्दांनीं भागेना. पाव किती तोळे, दूध किती, बटाटा किती, हें तराजूवर मोजून, औषधाच्या वेळेशीं जुळवून, रोज त्याच मापानें देणारें माणूस हवें झालें. आणि रोगी घरीं गेल्यावर त्याला किंवा त्याच्या आईला तें मोजमाप शिकविणारेंहि हवें झालें. सॉयरसारखा निष्णात आचारीहि येथें अपुरा पडला असता. इन्शुलिनच्या त्या बारीकशा कुपीनें आहारतज्ज्ञाला जें स्थान दिलें तें आधींच्या परिषदांनीं दिलें नव्हतें.

म्हणूनच ब्रिटनमधील पहिली आहारतज्ज्ञ त्यानंतर लौकरच दिसते. १९२४ मध्यें एडिंबरो येथील रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयांत रूथ पायबस या परिचारिकेची त्या कामावर नेमणूक झाली. पुढें इतर रुग्णालयांनीं तोच मार्ग धरला, आणि १९३६ मध्यें ब्रिटिश डायटेटिक असोसिएशन स्थापन झाली. एक फरक लक्षांत घेण्यासारखा आहे. अमेरिकेंत हा पेशा स्वयंपाकघरांतून वॉर्डांत गेला. ब्रिटनमध्यें वॉर्डांतील परिचारिका स्वयंपाकघरांत उतरली. शेवटीं दोघींना मधल्या जागीं एकाच गोष्टीची आवश्यकता भासली, ती म्हणजे विज्ञानाची पदवी.

अमेरिकन संस्थेनें १९२५ मध्यें स्वतःचें नियतकालिक काढलें आणि १९२७ मध्यें रुग्णालयांतील विद्यार्थिनींसाठीं प्रमाणभूत अभ्यासक्रम आंखून दिला. आधीं महाविद्यालयाची अन्न व पोषण या विषयांतील पदवी. नंतर रुग्णालयांत निदान सहा महिने प्रत्यक्ष काम. या दोन पायऱ्यांवरच पुढील सारी इमारत उभी आहे, म्हणून त्यांकडे थोडें थांबून पाहिलें पाहिजे. पदवीच्या वर्षांत विद्यार्थिनी रसायन, शरीरक्रियाशास्त्र, जंतुशास्त्र आणि अन्नाचें पचन शिके. हें सर्व वर्गांत शिकतां येतें. रुग्णालयांतील सहा महिन्यांत मात्र तिला पहांटे मुदपाकखान्यांत उभें राहून शेंकडों माणसांच्या न्याहरीचें माप घ्यावें लागे, भाजीवाल्याशीं भाव करावा लागे, कोठाराची वही लिहावी लागे, डॉक्टरांबरोबर वॉर्डांतून फिरावें लागे, आणि दुपारीं परत आलेलीं ताटें तपासावीं लागत. परत आलेल्या ताटांत काय उरलें आहे हें पाहिल्याशिवाय रोग्याच्या पोटांत काय गेलें हें कळत नाहीं. आजीबाई जें काम नकळत करीत होत्या तेंच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या पायरीवर शिस्तीनें शिकविलें जाऊं लागलें.

दुसरें महायुद्ध झालें. १९४७ मध्यें अमेरिकन सैन्यांत आहारतज्ज्ञ स्त्रियांना कायद्यानें अधिकाऱ्याचें पद मिळालें. संस्थेच्या सभासदत्वाला मान होता, पण सभासद नसलेली व्यक्तीहि स्वतःला डायटिशियन म्हणवूं शके. ती अडचण दूर करण्यासाठीं १९६९ मध्यें नोंदणी सुरू झाली. ठराविक शिक्षण, ठराविक प्रत्यक्ष काम आणि त्यावर परीक्षा, हें सर्व उतरल्यावर 'रजिस्टर्ड डायटिशियन' हें पद. तें एकदां मिळालें कीं कायमचें, असेंहि नाहीं; दर पांच वर्षांनीं ७५ तासांचें पुढील शिक्षण झाल्याचें दाखवावें लागतें. पन्नास वर्षांपूर्वींचें ज्ञान घेऊन आज रोग्यापुढें बसणें धोक्याचें आहे, हें ज्यांनीं ॲटवॉटरची हकीकत वाचली आहे त्यांना पटेल. संस्थेनें २०१२ मध्यें आपलें नांव बदलून 'अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स' असें केलें, आणि १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीच्या परीक्षेस बसण्यासाठीं पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. प्रत्यक्ष कामाचे निदान १,००० तास भरावे लागतात.

पायरी उंच केली कीं वर पोंचणारा अधिक तयार असतो हें खरें; परंतु खालीं कोण राहिलें हेंहि पाहावें लागतें. अमेरिकेंत रुग्णालयांतील उमेदवारीबद्दल बहुधा वेतन मिळत नाहीं, उलट शुल्क भरावें लागतें. पदवी हातीं असून उमेदवारीची जागा न मिळाल्यामुळें दारांतच थांबलेल्या मुली तेथें पुष्कळ झाल्या. ज्या गरीब वस्त्यांत मधुमेह आणि रक्तदाब अधिक, त्याच वस्त्यांतील मुलींना हा खर्च सर्वांत जड जातो. मग त्या वस्तीची चव न जाणणारी तज्ज्ञ तेथें पाठविली जाते आणि बोस्टनच्या रश्श्याची कथा नव्यानें घडण्याचा संभव राहतो. ब्रिटनमध्यें मार्ग थोडा निराळा आहे: मान्य अभ्यासक्रमाची पदवी, तींतच रुग्णालयांतील काम, आणि मग सरकारी नोंदणी. नोंदणी नसतां डायटिशियन हें नांव लावणें तेथें गुन्हा आहे.

हिंदुस्थानांत या विद्येचा पाया स्वयंपाकघरांतहि पडला नाहीं आणि वॉर्डांतहि नाहीं. तो निलगिरीच्या थंड हवेंत कुन्नूर येथें पडला. १९१८ मध्यें रॉबर्ट मॅक्कॅरिसन या लष्करी डॉक्टरानें तेथें बेरीबेरी रोगाची चौकशी हातीं घेतली. त्या कामांतून पुढें पोषणसंशोधनाच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. मॅक्कॅरिसननें उंदरांचे गट करून प्रत्येकाला हिंदुस्थानांतील एकेका समाजाचें जेवण घातलें. शिखांचें जेवण, म्हणजे गहूं, दूध, लोणी, डाळ आणि ताजी भाजी, यांवर वाढलेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. सडलेल्या तांदुळावरचे मद्रासी गटाचे सर्वांत खुरटे. मराठी जेवणाचा क्रमांक सातांत तिसरा, शीख आणि पठाण यांच्या मागोमाग, लागला. मराठी माणसाला यांत फुशारकी मारण्यासारखें कांहीं नाहीं. पण डाळ-भाकरीचें जेवण अगदींच टाकाऊ नव्हे एवढें समाधान त्यानें मानावयास हरकत नसावी.

मॅक्कॅरिसननंतर १९३५ मध्यें वॉलेस एक्रॉइड आले. त्यांनीं १९३७ मध्यें हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची एक लहान पुस्तिका प्रसिद्ध केली. आरोग्यखात्याच्या पत्रकांतील तिचा क्रमांक २३. वसतिगृहें, तुरुंग, गिरण्यांचीं भोजनगृहें आणि रुग्णालयें या सर्वांना आपल्या देशाच्या अन्नाचे आंकडे प्रथमच एका जागीं मिळाले. एक्रॉइड यांच्या मागून विनायक नारायण पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञानें या प्रयोगशाळांची धुरा वाहिली; हिंदुस्थानांतील पोषणावरील त्यांचा ग्रंथ १९५२ मध्यें निघाला. १९५८ मध्यें प्रयोगशाळा हैदराबादेस गेल्या, आणि १९६९ मध्यें त्यांना राष्ट्रीय पोषण संस्था हें नांव मिळालें. डॉ. सी. गोपालन यांनीं सहकाऱ्यांसह जुन्या पुस्तिकेची जी नवी आवृत्ति १९७१ मध्यें सिद्ध केली ती येथील प्रत्येक विद्यार्थिनीच्या टेबलावर दिसे. तींत ज्वारीला शंभर ग्रॅममागें १०.४ ग्रॅम प्रथिनें आहेत, बाजरीला ११.६, तर सडलेल्या तांदुळाला ६.८, नाचणींत चुना, म्हणजे कॅल्शियम, ३४४ मिलिग्रॅम. गरिबाचें म्हणून ज्या धान्याकडे शहरांतील माणसानें पाठ फिरविली त्याची योग्यता येथें उघड दिसते. साबुदाण्याला मात्र प्रथिनें ०.२ ग्रॅम! 'एकादशी आणि दुप्पट खाशी' करणाऱ्या मधुमेही माणसानें हा आंकडा एकदां वाचावा. २०१७ मध्यें ५२८ पदार्थांचीं नवीं कोष्टकें निघालीं आणि जुनीं मागें पडलीं.

आंकडे मिळाले, ते वापरणाऱ्या मुली कोठून आल्या? त्या स्त्रीशिक्षणाच्या चळवळींतून आल्या. धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ मध्यें महिला विद्यापीठ काढलें तें जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती वाचून. गृहजीवनाला उपयुक्त असे विषय त्यांना उच्च शिक्षणांत हवे होते. घरकाम शिकण्यास विद्यापीठ कशाला, असा उपहास त्या काळीं पुष्कळांनीं केला. १९३२ मध्यें दिल्लीस लेडी अर्विन कॉलेज निघालें. १९४२ मध्यें मद्रासेस गृहविज्ञानाची पदवी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर बडोद्याच्या विद्यापीठांत त्याची स्वतंत्र विद्याशाखा झाली, आणि १९५५ मध्यें मुंबईस निर्मला निकेतनचें गृहविज्ञान महाविद्यालय उघडलें. ज्या विषयाची टवाळी झाली त्याच विषयाच्या वर्गांतून रुग्णालयांत आहारविभाग सांभाळणाऱ्या स्त्रिया बाहेर पडल्या.

येथील शिक्षणाच्या पायऱ्या साधारण अशा ठरल्या: बारावीपर्यंत विज्ञान किंवा गृहविज्ञान, मग पोषण व आहारशास्त्राची पदवी, नंतर त्याच विषयाची एम्. एस्‌सी. अथवा आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका. आणि मोठ्या रुग्णालयांत उमेदवारी. इंडियन डायटेटिक असोसिएशन ही संस्था यानंतर नोंदणीची परीक्षा घेते व उत्तीर्ण होणाऱ्यास 'रजिस्टर्ड डायटिशियन' हें पद देते. पायऱ्यांची ही मांडणी परदेशासारखीच दिसते. पण शिकावयाचें काम येथें अधिक अवघड आहे. पुस्तकांत ग्रॅम असतात, घरांत वाटी आणि पळी असते. एका घरची वाटी दुसऱ्या घरच्या वाटीएवढी नसते. कोल्हापुरची भाकरी आणि मुंबईची भाकरी यांच्या आकारांत अंतर असतें. तेल कढईंत ओततांना कोणतीहि गृहिणी मोजत नाहीं. उमेदवारी करणाऱ्या मुलीला रोग्याच्या सुनेला विचारून विचारून, न रागावतां, न लाजवतां, ही वाटी आणि हें तेल शोधून काढावें लागतें.

त्या मुलीचें ज्ञान किती मोलाचें आहे हें मूत्रपिंडाच्या वॉर्डांत दिसतें. आजाऱ्याला भेटावयास जातांना शहाळें न्यावें ही महाराष्ट्रांतील जुनी, प्रेमळ रीत. निरोगी माणसाला तें अमृतच. परंतु ज्याचीं मूत्रपिंडें निकामी होत आलीं आहेत त्याच्या शरीरांतून पोटॅशियम बाहेर पडत नाहीं. शहाळ्यांत तें विपुल असतें. आणि रक्तांत तें फार वाढलें तर हृदयाची गति बिघडून तें बंद पडूं शकतें. प्रेमानें आणलेली वस्तु जीवावर उठते ती अशी. पालेभाजी, बटाटा, केळें, यांचीहि तीच गोष्ट. म्हणून भाजी बारीक चिरून, पुष्कळ पाण्यांत उकडून, तें पाणी फेंकून द्यावें असें तेथें शिकवितात, आणि एरवीं स्वयंपाकशास्त्रांत जी चूक ती तेथें उपचार ठरते. हें ज्याला ठाऊक नाहीं त्यानें 'नैसर्गिक आहार', 'फळांचा रस' असे फलक लावून रोग्यांना सल्ला देणें म्हणजे त्यांच्या जीवाशीं खेळणें होय. दुर्दैवानें असे फलक लावणाऱ्याला अडविणारा मध्यवर्ती कायदा या देशांत पुष्कळ वर्षें नव्हता. संस्थेची परीक्षा ऐच्छिक होती. पांच वर्षें शिकलेली मुलगी आणि पांच आठवड्यांचा वर्ग केलेला गृहस्थ, दोघेहि एकाच नांवाची पाटी लावूं शकत, आणि दारांत उभ्या असलेल्या रोग्याला त्यांतला भेद कळण्यास कांहीं साधन नसे.

मार्च २०२१ मध्यें संसदेनें संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्याच्या परिशिष्टांत पोषणविज्ञानाच्या व्यवसायाखालीं डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट हीं दोन्ही नांवें लिहिलेलीं आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी निदान ३,६०० तासांची असावी आणि ती तीन ते सहा वर्षांत विभागलेली असावी, असें त्यांत ठरविलें आहे. प्रत्येक राज्यांत परिषद असावी, तिनें नोंदणीची वही ठेवावी, आणि त्या वहींत नांव असलेल्यानेंच हा व्यवसाय करावा, अशी योजना आहे. त्याप्रमाणें राज्याराज्यांतून परिषदा स्थापन करण्याचें काम सुरू झालें. स्कुटारीच्या हंड्यांतील मांसाला ओळखीसाठीं चिंधी बांधीत होते, त्यानंतर १६७ वर्षांनीं, रोग्याचें ताट कोणाच्या जबाबदारीचें, याची नोंद हिंदुस्थानच्या कायद्यांत झाली.